प्री-बुकिंगचे पैसे आणि परत आलेल्या सीडी : सांगलीतल्या एका गेमच्या दुकानाचे प्रकरण

या दुकानाचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे मी बघतो. मालकाच्या परवानगीने लिहितो आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गेमबद्दलची माहिती मात्र सगळी जाहीर आहे, ती जशीच्या तशी ठेवली आहे.

पार्श्वभूमी

सांगलीच्या जुन्या बाजारपेठेत, कृष्णेचे पाणी चढले की सगळ्यात आधी ज्या गल्ल्यांत शिरते, त्यातल्या एका गल्लीत हे दुकान आहे. वडील व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायचे आणि टीव्ही दुरुस्त करायचे. मुलाने कॅसेट बंद करून गेमचा धंदा सुरू केला : कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र), तो चालवायचे कंट्रोलर, नव्या-जुन्या सीडी, एक्सचेंज आणि थोडीफार दुरुस्ती. गिऱ्हाईक त्याला ‘दादा’ म्हणते. गल्ल्यावर अजून वडील, म्हणजे अण्णाच बसतात. व्हॉट्सअ‍ॅप, जाहिरात आणि ‘कोणता गेम येतोय’ हे खाते बाविशीतल्या पुतण्याकडे.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात तळमजल्यावरचा माल गेला. त्यातून दुकान उभे राहते ना राहते तोच मार्च २०२० ची टाळेबंदी आली. घरात कोंडलेल्या पोरांना गेम हवेच होते, पण शटर खाली होते, त्यामुळे ते गिऱ्हाईक ऑनलाइन गेले. म्हणून दादाने त्या वर्षअखेरीची सगळी भिस्त एकाच गेमवर ठेवली : सायबरपंक २०७७.

भिस्त ठेवण्यासारखे कारणही होते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने २०१२ मध्ये या गेमची घोषणा केली होती. आधीच्या ‘विचर ३’ या गेममुळे कंपनीचे नाव होते. जून २०१९ मध्ये किआनू रीव्ह्ज हा अभिनेता गेममध्ये असल्याचे जाहीर झाले आणि ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरला नव्हता तेही विचारायला लागले. पुतण्याने जानेवारी २०२० पासून बुकिंग घ्यायला सुरुवात केली. माणशी पाचशे रुपये आगाऊ, वहीत नाव आणि हातात एक चिठ्ठी. चाळीसच्या आसपास नावे झाली. जवळजवळ सगळी पीएस फोरची, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलची, कारण पीसीवर खेळणारे सीडी घ्यायला दुकानात येत नाहीत, ते थेट डाउनलोड करतात.

गेम एप्रिल २०२० मध्ये यायचा होता. तो सप्टेंबरवर गेला, मग १९ नोव्हेंबरवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीने गेम छपाईला गेल्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला पुन्हा तीन आठवडे पुढे ढकलला. छपाईला गेलेला गेम पुढे ढकलला जातो म्हणजे सीडीत जे आहे ते पुरेसे नाही, उरलेले काम इंटरनेटवरून पाठवणार. हे आज कळते असे नाही, पुतण्याने तेव्हाच घरात बोलून दाखवले होते. पण दादाने पुण्याच्या वितरकाला निम्मी रक्कम आधीच भरली होती, आणि वितरकाच्या बिलावर छापलेले होते की माल परत घेतला जाणार नाही, फक्त डिस्क खराब निघाली तर सात दिवसांत बदलून मिळेल. आतबट्ट्याचा व्यवहार ठरू शकतो हे दिसत असूनही माघार घ्यायला वाट नव्हती. निदान दादाला तसे वाटले.

नोव्हेंबरमध्ये कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितले की जुन्या कन्सोलवरही गेम आश्चर्य वाटावे इतका चांगला चालतो. तो मजकूर पुतण्याने दुकानाच्या ग्रुपवर टाकला. पुढे महिनाभर गिऱ्हाइके तोच मजकूर उलटा त्याला पाठवत राहिली.

अडचण

७ डिसेंबरला परीक्षणे आली. गुण भरघोस होते. पण परीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती दिली होती, कन्सोलवरचा गेम त्यांच्यापैकी कोणीच खेळला नव्हता. माल ९ तारखेला दुकानात आला आणि १० तारखेला सकाळपासून वाटप सुरू झाले.

पहिला फोन त्याच रात्री आला, तो सीडीबद्दल नव्हता, इंटरनेटबद्दल होता. डबीत दोन डिस्क. दोन्ही टाकून झाल्या की वरून चाळीस जीबीच्या पुढचा पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, इंटरनेटवरून उतरवायचा. शहरात फायबर असलेल्यांचे एका रात्रीत भागले. पण निम्मी बुकिंग मिरज, तासगाव, पलूस, आष्टा अशा ठिकाणची. तिथे घरात दिवसाला दीड जीबीचा मोबाइल डेटा. या मंडळींनी पॅचशिवाय गेम चालू केला आणि डिस्कवर जे मूळ रूप होते तेच खेळले. ते तर बघवत नव्हते.

पॅच टाकलेल्यांचेही फार बरे नव्हते. माणसांचे चेहरे पुसट, गाडी वेगात नेली की रस्ता मागाहून उमटायचा, चित्र अडखळायचे, आणि तास-दोन तासांनी गेम बंद पडून निळ्या पडद्यावर सीई-३४८७८-० हा कोड. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्या कोडचे फोटो येऊ लागले. पीएस फोर हे २०१३ चे यंत्र. त्याची हार्ड डिस्क संथ, प्रोसेसर त्याहून. एवढे दाट शहर त्याला झेपत नव्हते. परदेशात पीएस फाइव्ह हा सोनीचा नवा कन्सोल घेतलेल्यांना त्याच सीडीचा अनुभव बराच सुसह्य आला. भारतात पीएस फाइव्ह यायला २ फेब्रुवारी २०२१ उजाडला. म्हणजे या दुकानातून गेम नेलेले जवळजवळ सगळेच सगळ्यात वाईट गटातले होते.

तासगावहून एक द्राक्ष बागायतदार मुलासाठी घेतलेली सीडी घेऊन आले. दादाने सीडी उजेडात धरून दाखवली, एक ओरखडा नाही. ते म्हणाले, “पोरगं म्हणतंय गेम बंद पडतोय. तुम्ही म्हणताय सीडी चांगली हाय. मग दोघातलं खोटं कोण?”

दादाकडे उत्तर नव्हते. वितरकाकडे होते : डिस्क चांगली आहे, म्हणजे माल चांगला आहे.

समोरचे पर्याय

१४ डिसेंबरला कंपनीने जाहीर माफी मागितली. जानेवारी आणि फेब्रुवारीत मोठे पॅच येतील, थांबायचे नसेल त्याने पैसे परत घ्यावेत असे सांगितले. सीडी घेतलेल्यांनी आधी दुकानदाराकडे जावे, तिथे नाही जमले तर कंपनीला २१ डिसेंबरपर्यंत ईमेल करावा. म्हणजे पोलंडमधल्या वॉर्सात माफी मागितली गेली आणि पैसे मागायला माणसे सांगलीच्या गल्लीत आली.

अण्णांचे म्हणणे सरळ होते. भिंतीवर कॅसेटच्या जमान्यापासूनची पाटी आहे, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. पाटी वाचूनच माणसे माल नेतात. “आज एकाचं घेतलास की उद्या रांग लागंल,” ते म्हणाले. रांगेबद्दल ते चुकीचे नव्हते.

पुतण्याला वाटत होते की थांबावे. पॅच येतील, गेम सुधारेल, तोवर गिऱ्हाइकाला दुकानाच्या फायबरवर पॅच फुकट टाकून द्यावा.

दादाच्या मनात मधला मार्ग होता : रोख नाही, पण तेवढ्याच किमतीचा दुसरा गेम द्यायचा. गल्ल्यातला पैसा बाहेर जात नाही आणि गिऱ्हाईकही तुटत नाही.

चौथी वाट गिऱ्हाइकाला कंपनीच्या ईमेलकडे पाठवण्याची. तिथे खरेदीचा पुरावा लागत होता, आणि इथे दुकानाचे पाप आडवे आले. बुकिंग चिठ्ठीवर, शिल्लक रक्कम रोख, आणि वाटपाच्या गर्दीत बऱ्याच जणांना पक्के बिलच दिलेले नव्हते. दिवसअखेरीला संगणकात एकत्र रोख विक्री टाकून मोकळे. कोणती सीडी कोणाला गेली हे वहीतल्या नावावरून कळत होते, बिलावरून नाही. मी या विषयावर दादाला वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, पण दुकानदाराला बिलाचे महत्त्व माल विकताना कधीच पटत नाही.

माझ्याकडे विषय आला तो १७ तारखेच्या संध्याकाळी, आणि प्रश्न असा होता : “रोख परत केले तर जीएसटीत कसं दाखवायचं?” मी म्हटले, ते नंतर बघू, आधी हे बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. बिल न देणे हीसुद्धा त्याच यादीत आहे. दोषाची व्याख्याही नुसत्या ओरखड्यापुरती नाही, विकणाऱ्याने जसा सांगितला तसा माल नसणे त्यात बसू शकते. पाटीला यात काही किंमत नाही. ग्राहक आयोगासमोर वितरकाच्या अटी दाखवून दुकानदार सुटेल याचाही भरवसा नाही, कारण गिऱ्हाइकाचा करार त्या वितरकाशी नव्हताच.

दादा बराच वेळ गप्प बसला. त्याला वाटत होते की परत घ्यायचे की नाही हा त्याच्या मोठेपणाचा प्रश्न आहे.

काय केले

दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, सकाळी उठून बघतो तर सोनीने हा गेम आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकलेला आणि तिथे घेतलेल्यांना पूर्ण पैसे देऊ केलेले. दुकान उघडायच्या आत शटरसमोर सात-आठ जण. “सोनीनं माघारी घेतलाय, तुम्ही का न्हाई?” सोनीचा परतावा डिजिटल खरेदीसाठी होता, सीडीशी त्याचा संबंध नव्हता. पण गर्दीला हे समजावण्यात अर्थ नव्हता, आणि समजावून पदरात काही पडलेही नसते.

त्या दिवशी वही काढून तीन गट केले. ज्यांनी बुकिंग करून सीडी नेलीच नव्हती, त्यांचे पाचशे त्याच दुपारी परत. ज्यांची डबी फोडलेली नव्हती, त्यांना पूर्ण रोख. आणि फोडलेल्यांना निवड : पूर्ण रोख, किंवा दोनशे रुपये जास्तीचे क्रेडिट धरून दुसरा गेम. मुदत वाटपाच्या तारखेपासून तीस दिवस. दोन्ही डिस्क परत आल्या पाहिजेत ही अट पुतण्याने सुचवली, कारण एका पठ्ठ्याने एकच आणून दिली होती.

ज्यांच्या विक्रीची नोंद नावानिशी सापडली, त्यांच्या क्रेडिट नोटा (माल परत घेतल्याची, बिल उलटवणारी नोंद) काढल्या, त्यामुळे तेवढ्यावरचा १८ टक्के कर पुढच्या विवरणपत्रात कमी करता आला. उरलेल्यांचा कर दुकानाच्या अंगावर बसला. ईमेलचा मार्गही पुतण्याने बिल असलेल्या काहींसाठी वापरून बघितला. पण तोवर तीनच दिवस उरले होते, आणि हातात रोख मिळत असताना पोलंडला इंग्रजीत पत्र लिहायला कोण बसतो.

पॅचची सोय मात्र खरोखर चालली. माणसे पीएस फोर टॉवेलात गुंडाळून, शाळेच्या दप्तरात घालून आणायची. संध्याकाळी लावलेले यंत्र सकाळी न्यायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत एका वेळी पाच-सहा यंत्रे घरघरत असत, प्रत्येकावर नावाची चिकटपट्टी, आणि पंखा त्यांच्याकडे वळवलेला. २३ तारखेच्या सुमाराला आणखी एक दुरुस्ती आली तेव्हा काहींनी परताव्याचा विचार सोडला आणि गेम ठेवून घेतला.

याच खोलीतून नवे भांडण निघाले. मिरजेच्या एका गिऱ्हाइकाचे यंत्र गेम चालू असताना गरम होऊन बंद पडले आणि परत लागेना. “तुमच्या सीडीनं माझा पीएस फोर घालवला, नवीन द्या.” दादाने यंत्र उघडले. आत पाच वर्षांची धूळ, पंख्याची पाती दिसत नव्हती, चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून पापडी झालेली. साफ करून, पेस्ट बदलून यंत्र चालू झाले. दादाने पैसे घेतले नाहीत, पण लेखी काही द्यायलाही नकार दिला. हा निर्णय मला बरोबर वाटतो. साफसफाई फुकट करणे वेगळे आणि सीडीने यंत्र बिघडवले असे कबूल करणे वेगळे. पहिल्याची किंमत शे-दोनशे, दुसऱ्याची चाळीस गिऱ्हाइकांच्या यंत्रांएवढी.

वितरकाकडे दादा एकटा भांडत होता तोवर उत्तरच आले नाही. मग कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या दोन दुकानदारांना घेऊन एकच पत्र पाठवले, कायद्याचा आणि कंपनीच्या जाहीर माफीचा उल्लेख करून. न फोडलेल्या डब्यांवर काही रक्कम पुढच्या मालात वळती करून मिळाली. फोडलेल्यांवर एक पैसा नाही.

परिणाम

फोडलेल्या सीडींपैकी निम्म्याहून जास्त परत आल्या. पोरांनी बहुतेक क्रेडिट घेतले, कारण त्यांना तसाही दुसरा गेम हवा होता. आई-वडील स्वतः आले तिथे रोख. दोनशे रुपये जास्तीचे क्रेडिट हा दादाचा हिशेब चांगला निघाला : जुन्या गेमवर त्याला मिळणाऱ्या नफ्यात ते दोनशे मुरले, आणि गल्ल्यातली रोकड वाचली.

तरीही हात आखडले. १२ जानेवारी २०२१ ला भारतात पीएस फाइव्हचे बुकिंग उघडले आणि बघता बघता संपले. वितरकाला आगाऊ भरायला पैसे नसल्याने दादाच्या वाट्याला त्या फेरीत काहीच आले नाही. या प्रकरणातला सगळ्यात मोठा तोटा हाच, आणि तो कोणत्याही वहीत लिहिलेला नाही.

पैसे परत केले म्हणून गिऱ्हाईक बांधले गेले, अशी गोष्ट सांगायला मला आवडली असती. वहीतली नावे पुढच्या दोन वर्षांच्या विक्रीशी ताडून बघितली तेव्हा तसे दिसले नाही. क्रेडिट घेणारे येत राहिले, ते आधीही येतच होते. रोख घेणारे फारसे परतले नाहीत. तासगावचे बागायतदार मात्र दरवर्षी हंगाम संपला की काहीतरी नेतात, आणि नेताना बिल मागतात.

परत आलेल्या सीडींचे पुढे झाले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. दीड वर्ष त्या निम्म्या किमतीलाही खपत नव्हत्या. जुलै २०२१ च्या पुरात अण्णांनी त्या वरच्या मजल्यावर चढवल्या तेव्हा पुतण्या हसला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये नव्या कन्सोलसाठीची आवृत्ती आली, आणि पीएस फोरची सीडी असलेल्याला पीएस फाइव्हवर ती फुकट मिळू लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर या गेमच्या जगावरची जपानी शैलीची अ‍ॅनिमे मालिका आली आणि मागणी उसळली. तोवर सांगलीत पीएस फाइव्ह बऱ्यापैकी झाले होते. मागच्या खोलीतला खोका महिनाभरात रिकामा झाला, निम्म्यापेक्षा बऱ्या भावाने.

ज्यांनी पीएस फोरवर चिकाटीने गेम ठेवला ते मात्र मागे पडले. २०२३ चा मोठा २.० पॅच आणि ‘फँटम लिबर्टी’ हा याच गेमला जोडलेला नवा भाग जुन्या कन्सोलवर आलाच नाही. ‘थांबा, सुधारेल’ हा पुतण्याचा सल्ला गेमच्या बाबतीत खरा ठरला, पण ज्यांना तो दिला त्यांच्या बाबतीत अर्धाच.

वेगळे काय करता आले असते

डिसेंबरमध्ये जे केले ते एकदा ठरल्यावर नीटच झाले. घोटाळा झाला तो ठरायला लागलेल्या वेळात. १४ ला परतावा जाहीर झाला, दादाने ठरवले १८ ला. मधले चार दिवस तो ‘द्यावेत का’ यावर झुरत होता. हे देणे आहे, उपकार नाही, एवढे १४ लाच मान्य केले असते तर बिलवाल्यांचे अर्ज कंपनीकडे वेळेत गेले असते आणि तेवढा भार पोलंडच्या कंपनीने उचलला असता. त्या योजनेतून तिने जगभरात सुमारे तीस हजार प्रतींचे पैसे दिले, सांगलीची त्यात एकही नव्हती.

त्याआधीचा निर्णय ९ डिसेंबरचा. माल दुकानात आला होता, दुकानात एक साधा पीएस फोर होता, रात्र हातात होती. एक डबी फोडून लावली असती तर सकाळी वाटप करताना गिऱ्हाइकाला सांगता आले असते की असे असे चालते आहे, न्यायचे तर न्या. दादा म्हणतो, सांगितले असते तर निम्म्यांनी नेलीच नसती. बरोबर आहे. पण ती निम्मी न फोडलेली राहिली असती, आणि वितरकाने जे काही दिले ते न फोडलेल्यांवरच दिले.

२७ ऑक्टोबरला गेम पुढे ढकलला तेव्हा बुकिंगवाल्यांना ‘हवे तर पाचशे परत न्या’ असे विचारायला हवे होते, असे मी म्हणतो. यावर आमचे दोघांचे अजून एकमत नाही. त्याच्या मते दिवाळीच्या तोंडावर असे विचारणे म्हणजे गिऱ्हाईक हाताने ऑनलाइनकडे ढकलणे.

बिलांचा विषय संपला आहे. आता प्रत्येक सीडीचे बिल नावाने होते आणि त्यावर परतीची मुदत छापलेली असते. अण्णांनी पाटी काढू दिली नाही, पण तिच्या खाली तेवढीच मोठी दुसरी पाटी लागली आहे : ‘सदोष माल बिलासह सात दिवसांत परत घेतला जाईल’. दोन्ही वाचून गिऱ्हाईक गोंधळते, आणि मग विचारते, जे एका परीने बरेच आहे.

‘जीटीए सिक्स’ या आणखी एका मोठ्या गेमची तारीख आधी २०२५, मग मे २०२६, मग नोव्हेंबर २०२६ अशी सरकली आहे. पुतण्याला बुकिंग उघडायचे आहे, पलीकडच्या गल्लीतला दुकानदार हजार-हजार घेऊन बसला आहे म्हणतो. दादाने वही दिली आहे, पण त्यात फक्त नाव, फोन आणि कोणता कन्सोल आहे एवढेच लिहायचे. आगाऊ रकमेचा रकाना त्याने स्वतः पट्टी घेऊन खोडला आहे, आणि त्यावरून काका-पुतण्याचे आठवड्यातून एकदा तरी वाजते.